जर्मनीला जायच्या आधी बेळगावचं लायसन काढावं का, की तिथंच कोऱ्या पाटीवर शिकावं?

शहापूरकर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून नर्सिंगला, मास्टर्सला, कंपनीच्या कामाला जर्मनीला जाणारी पोरंपोरी आता घरोघरी आहेत. व्हिसा हातात आला की हा विषय निघतोच. वडीलमंडळी म्हणतात, लायसन काढूनच जा. तिकडचे नातेवाईक म्हणतात, इथलं लायसन तिथं चालत नाही, उगाच पैसे घालू नका. माझं मत आहे की काढूनच जावं, आणि निघायच्या सहा महिने आधी कामाला लागावं.

कारण कायद्यातच आहे. जर्मनीत राहायला गेल्यापासून सहा महिने भारतीय लायसनवर गाडी चालवता येते. त्यानंतर चालवली तर विनालायसन धरतात, आणि तो तिथं फौजदारी गुन्हा आहे. पण सहा महिने उलटले म्हणून ते कार्ड वाया जात नाही. त्याची मुदत शिल्लक असेल तर त्याच्या आधारावर जर्मन लायसनला अर्ज करता येतो. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. माफ होतं ते सक्तीचं शिक्षण. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला दीड-दीड तासाचे १४ थिअरी वर्ग आणि ४५ मिनिटांचे १२ खास तास करावेच लागतात: ५ गावाबाहेरच्या रस्त्यावर, ४ ऑटोबानवर (तिथला एक्सप्रेसवे), ३ अंधारात. रोजचे साधे तास त्याशिवाय. सगळं धरून अडीच ते साडेतीन हजार युरो सहज जातात.

अटी नीट वाचा. लायसन तिथं राहायला जायच्या आधीचं पाहिजे. सुट्टीला येऊन काढलेलं चालत नाही. लर्निंग लायसन अजिबात धरत नाहीत. आपल्याकडे लर्निंगनंतर ३० दिवस थांबल्याशिवाय टेस्ट देता येत नाही, त्यात आरटीओची तारीख, कार्ड घरी यायचा वेळ, म्हणून सहा महिने म्हणतोय. आयडीपी, म्हणजे आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना, वेगळी गोष्ट आहे. फॉर्म ४-ए, हजार रुपये, एक वर्ष मुदत. तो परवान्यासोबत दाखवायचा कागद आहे, नुसत्या आयडीपीवर काही होत नाही.

हिंडलगा रोड

अण्णा, कायदा बरोबर सांगितलात, हिशेब पटला नाही. ज्या १२ तासांची बचत म्हणता त्यात ऑटोबान, रात्र आणि गावाबाहेरचा वेगवान रस्ता आहे. परीक्षेत नेमकं हेच विचारतात. परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्याच गाडीत द्यावी लागते, शेजारी तिथला शिक्षक बसतो, परीक्षक मागच्या सीटवर. शिक्षकाला तुम्ही तयार वाटला नाहीत तर तो तारीखच घेत नाही. म्हणजे तास सक्तीचे नसले तरी विकत घ्यावेच लागतात, आणि ४५ मिनिटांना साधारण साठ ते ऐंशी युरो पडतात.

दुसरी गोष्ट हाताची. बेळगावात तयार झालेला हात तिथं आडवा येतो. उजवीकडं वळण्याचा साधा प्रकार घ्या. तिकडं गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे हे आपल्या डाव्या वळणासारखं सोपं वळण. त्यातसुद्धा क्रम असा: आतला आरसा, उजवा आरसा, इंडिकेटर, वेग कमी, दुसरा गिअर, मग मान वळवून उजव्या खांद्यावरून मागं बघायचं, कारण सायकलवाला सरळ जाणार असतो आणि हक्क त्याचा असतो. याला ते शुल्टरब्लिक म्हणतात. नुसते डोळे फिरवले तर मागं बसलेल्या परीक्षकाला कळत नाही, हनुवटी खांद्याकडं गेलेली दिसली पाहिजे. लेन बदलताना हे एकदा राहिलं आणि मागून कोणी येत असलं तर परीक्षा तिथंच संपते. शिक्षकाला ब्रेक दाबावा लागला तरी नापास.

ज्याला गाडीच येत नाही त्याच्या अंगात हा क्रम पहिल्या दिवसापासून बसतो. गोवावेस सर्कलला हॉर्नवर वाट काढायची सवय लागलेल्याला आधी ती मोडावी लागते.

निपाणी वेस

मला मुळात ही परीक्षाच अन्यायाची वाटते. वीस वर्षं तवंदी घाटातून ट्रक चालवलेल्या माणसाला तुम्ही लर्नरच्या रांगेत बसवता, आणि जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, दक्षिण आफ्रिकेच्या लायसनला परीक्षाच नाही, नुसती अदलाबदल. डावी-उजवी बाजू हे कारण म्हणाल तर जपान, सिंगापूर आणि दक्षिण आफ्रिकेत आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. ज्या देशांची यादी त्यांनी केलीय त्यात आपण नाही, एवढंच. आपल्या सरकारनं हा विषय लावून धरायला पाहिजे. तोवर पोरांनी निमूट पैसे भरायचे हे मला मान्य नाही.

हिंडलगा रोड

निपाणीकर दादा, यादीचा राग समजतो. पण यादीत यायचं तर समोरच्याला आपल्या टेस्टवर भरवसा वाटायला पाहिजे. मैदानात चार मिनिटं गाडी पुढं-मागं केली की कार्ड मिळतं, काही ठिकाणी एजंटकडून तेवढंही न करता मिळतं. तिथं परीक्षा पंचावन्न मिनिटांची असते, त्यात निदान अर्धा तास खऱ्या रहदारीत. ट्रकचालकाचा अनुभव खराच, पण तो आपल्या कार्डावर कुठं दिसत नाही. आणि जर्मन पोरंसुद्धा सहज पास होत नाहीत. थिअरीत शंभरातले चाळीसहून जास्त आणि प्रत्यक्ष परीक्षेत पस्तीसहून जास्त नापास होतात.

निपाणी वेस

एजंटकडून कार्ड घेणाऱ्यांचा दोष नियमानं चालणाऱ्याच्या माथी का? माझं म्हणणं एवढंच आहे, अनुभवी माणसाला निदान एक परीक्षा माफ करा.

रामदेव गल्ली

न्याय-अन्यायावर तुमचं चालू दे. थिअरीबद्दल कोणी काहीच लिहिलं नाही, आणि आपली पोरं तिथंच आधी अडकतात.

प्रश्न ३० असतात. प्रत्येक प्रश्नाला २ ते ५ गुण, आणि चुकलं की तेवढे गुण अंगावर चढतात. १० पर्यंत चालतं. पण ५ गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच असली तरी नापास. एका प्रश्नाला एक, दोन किंवा तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, आणि एक खूण राहिली तरी सगळा प्रश्न चुकीचा. काही ठिकाणी आकडा स्वतः भरायचा असतो. व्हिडिओचे प्रश्न असतात, व्हिडिओ पाच वेळा बघता येतो, पण एकदा प्रश्न उघडला की परत व्हिडिओकडं जाता येत नाही. भाषा इंग्रजी घेता येते. हिंदी नाही, मराठी-कन्नडचा प्रश्नच नाही. प्रश्नसंच हजाराच्या वर आहे आणि एप्रिल-ऑक्टोबरला त्यात बदल होतात, त्यामुळं मित्राचं जुनं अ‍ॅप उघडून बसू नका.

इथल्या पोरांचं कुठं चुकतं? ती अंदाजानं सोडवतात. 'रस्त्यावर काही पाटी नाही, सिग्नल नाही, कोण आधी जाणार?' आपल्याकडे मोठी गाडी आधी जाते किंवा ज्यानं नाक पुढं घातलं तो. तिथं उजवीकडून येणारा आधी, मग तो अरुंद गल्लीतून येऊ दे की सायकलवर असू दे. राउंडअबाउटमध्ये शिरताना इंडिकेटर द्यायचा नाही, बाहेर पडताना द्यायचाच. मुख्य रस्ता स्वतःच डावीकडं वळत असेल आणि तुम्ही त्याच्यासोबत वळत असाल तरी इंडिकेटर लागतो. सायकलला ओव्हरटेक करताना गावात दीड मीटर, गावाबाहेर दोन मीटर अंतर. हे तर्कानं येत नाही, पाठच करावं लागतं.

थिअरी पास झाल्यावर वर्षाच्या आत प्रत्यक्ष परीक्षा पास व्हावी लागते, नाहीतर थिअरी पुन्हा. नापास झालं की दोन आठवडे थांबा.

शहापूरकर

ताई, हे फार कामाचं लिहिलंत.

हिंडलगाकर, तुमच्या हिशेबाला माझं उत्तर असं आहे. सवय मोडायला लागणारे तास आणि क्लच शिकायला लागणारे तास एक नव्हेत. ज्याला हाफ क्लच, चढावर गाडी धरणं, रिव्हर्स येतं त्याचं सगळं लक्ष पाट्यांवर आणि आरशावर राहतं. ज्याला गाडीच नवी आहे तो चौकात बंद पडलेली गाडी चालू करू की उजवीकडं बघू, यातच गोंधळतो. चोर्ला घाटात चढावर थांबून हँडब्रेकवर उठलेल्याला तिथल्या पार्किंग इमारतीचा रॅम्प काहीच नाही. आणि सक्ती नसल्यामुळं किती तास घ्यायचे हे तुमच्या हातात राहतं. कुणाला दहा पुरतील, कुणाला पंचवीस. कोऱ्याला तो पर्यायच नाही.

कॅम्पातला

दोघांचं ऐकलं. मी हिंडलगाकरांच्या विरोधात आहे, पण कारण वेगळं. सवय इथंच लावता येते, फक्त कुणी लावत नाही. क्लासवाला गाडी सरळ नेऊन आणतो आणि आपण त्यावर खूश. जाणाऱ्यानं लायसन मिळाल्यावर दोन महिने असा सराव करावा:

कॅम्पात आणि हिंदवाडीत सकाळी सहाला जा. तिथं गल्ल्या एकमेकींना काटकोनात छेदतात आणि बहुतेक ठिकाणी पाटी नाही. प्रत्येक चौकाच्या आधी ॲक्सिलेटर सोडा, गरज पडली तर दुसरा गिअर, उजवीकडं मान वळवून बघा, मग पुढं. थांबायचंच असं नाही, पण थांबता आलं पाहिजे एवढा वेग. परीक्षक हेच बघतो. चौक मोकळा असतानाही तुम्ही पाय उचलला का.

रिव्हर्स पार्किंग दोन गाड्यांच्या मध्ये. गाडी बाहेर काढायच्या आधी दोन्ही खांद्यांवरून बघायचं.

तीसच्या वेगावरून जोराचा ब्रेक. मोकळा रस्ता, मागं कोणी नाही हे बघून क्लच आणि ब्रेक एकदम, पूर्ण जोरानं. आपल्याला हळूच दाबायची सवय असते, तिथं हळू दाबला की परत करायला लावतात.

हॉर्न बंद. पूर्ण तास हॉर्नला हात न लावता चालवा. हॉर्न नाही म्हटल्यावर आपोआप लांबचं बघायला लागता.

आणि हायवेला संथ चालवायची सवय सोडा. तिथं गावाबाहेर शंभरची मर्यादा असताना रस्ता मोकळा असूनही ७० नं गेलात तर ती चूक धरतात. ऑटोबानला शिरताना जी जोडलेन असते तिथं वेग घ्यायचा असतो. शेवटाला जाऊन थांबलात की संपलं. आपण काकतीजवळ सर्व्हिस रोडवरून हायवेला चढताना थांबून वाट बघतो, त्याच्या बरोबर उलटं.

हिंडलगा रोड

सराव चांगला सांगितलात. पण धोका सांगितला नाहीत. तिथं स्टॉपच्या पाटीला चाकं पूर्ण थांबलीच पाहिजेत, रेषेवर, कोणी नसलं तरी. चन्नम्मा सर्कलला असं कुणी मोकळ्या रस्त्यात थांबलं तर मागचा येऊन धडकेल. म्हणजे काही सवयी इथं लावणंच धोक्याचं. आणि कॅम्पातल्या चौकात तुम्ही उजवीकडच्याला जागा दिलीत तरी डावीकडचा तुम्हाला देणार नाही. त्यातून पोरगं दोन्ही नियम अर्धे-अर्धे शिकतं.

माझं म्हणणं, लायसन काढा, मी नको म्हणत नाही. पण ते काढून 'आता फक्त परीक्षा द्यायची' असं समजून तिथं पाच तास घेऊन बसू नका. प्रत्येक नापासाला परीक्षेची फी, शाळेची वेगळी फी आणि मधले तास. दोनदा नापास झालात की वाचवलेले पैसे गेले.

येळ्ळूरची मामी

माझ्या भाच्याचं ऑक्टोबरचं सेमिस्टर आहे. आता चार महिने आहेत. लायसन नाही, लर्निंगही नाही. तुमच्या मते त्यानं काय करावं? घरात दोन्ही बाजूंनी बोलणी चाललीत.

शहापूरकर

मामी, चार महिने पुरतात, पण उद्याच लर्निंगला अर्ज घाला. ३० दिवस झाल्या-झाल्या टेस्टची तारीख. कार्ड आलं की दोन्ही बाजूंचा स्कॅन घरी ठेवा, कारण जर्मन लायसन हातात देताना ते भारतीय कार्ड जमा करून घेतात. लायसनचं जर्मन भाषांतर तिथंच अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्यावं.

हिंडलगा रोड

मामी, अण्णांचं बरोबर आहे, काढून घ्या. पण भाच्याला सांगा, तिथं पोचल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मित्राची गाडी मागून चालवत बसू नको. पत्त्याची नोंदणी झाली की अर्ज घाल. त्याला बायोमेट्रिक फोटो, चष्म्याच्या दुकानात होणारी डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा कोर्स लागतो. कोर्स ४५ मिनिटांच्या ९ तासिकांचा, बहुतेक एका शनिवारी उरकतो. अर्ज मंजूर व्हायला आठवडे, कधी महिने जातात. तेवढ्यात थिअरी इंग्रजीतून करून घ्यायची.

रामदेव गल्ली

आणि मामी, एक राहिलं. थिअरी इंग्रजीत असली तरी प्रत्यक्ष परीक्षा जर्मनमध्येच होते. मागच्या सीटवरून सूचना येतात, दुभाषा नसतो. रेख्त्स (उजवीकडं), लिंक्स (डावीकडं), गेराडेआउस (सरळ), आबबीगन (वळणं), आउसफार्ट (बाहेर पडायची वाट), आइनपार्कन (गाडी पार्क करणं), वेन्डन (गाडी उलट दिशेला फिरवणं) हे शब्द चालत्या गाडीत कानावर पडल्या पडल्या कळले पाहिजेत. इथं सराव करतानाच शेजारी बसणाऱ्यानं हेच शब्द वापरून रस्ता सांगावा. चुकीच्या बाजूला वळलं म्हणून लगेच नापास करत नाहीत, नियमानं वळलात तर ते चालतं. सूचना कळली नाही म्हणून चौकाच्या मध्येच ब्रेक मारला तर मात्र नापास.

येळ्ळूरची मामी

शब्दांची यादी त्याला आजच पाठवते. लर्निंगचा अर्ज ऑनलाइन घालायचा की आरटीओत जाऊन?

शहापूरकर

ऑनलाइन, सारथीच्या साइटवर. आधारचा पत्ता बेळगावचाच आहे ना तेवढं आधी बघून घ्या.