सेल्फ-हीलिंग ग्रिडला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती:
कोल्हापुरात आयटीआयच्या तारतंत्री आणि वीजतंत्री शाखांच्या मुलांसाठी मराठीत टिपणं करतेय. फीडर (उपकेंद्रातून गावांकडं जाणारी लाईन), ट्रिप (बिघाड होताच लाईन आपोआप तुटणं), डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) या शब्दांना मी हात लावणार नाही, ते मुलांच्या तोंडात रुळलेले आहेत. अडलंय दोन शब्दांवर: वीजपुरवठा 'रिलायबल' असणं आणि ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, 'सेल्फ-हीलिंग' असणं. हाताशी असलेल्या एका भाषांतरात 'विश्वासार्ह' आणि 'स्वयंउपचारी' असं दिलंय. दुसरा शब्द वाचून एका मुलानं विचारलं, "मॅडम, म्हणजे तुटलेली तार आपोआप जोडली जाते?" हा मुलगा दोन वर्षांनी खांबावर चढणार आहे. मला हा शब्द तसाच ठेवून पुढं जाता येत नाही.

मराठीचे शिक्षक:
ताई, पहिल्याचं सोपं आहे. 'विश्वासार्ह' शब्द माणसाला शोभतो, साक्षीदाराला, बातमीला शोभतो. त्यात सचोटीचा वास आहे. वस्तूंसाठी आपल्याकडं 'भरवसा' आहे. बैल भरवशाचा, विहीर भरवशाची, पाऊस बेभरवशाचा. विहीर भरवशाची म्हणजे ती एप्रिल-मेमध्येही आटत नाही, एवढंच. म्हणून 'भरवशाचा पुरवठा'. 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' म्हणतानाही आपण म्हशीच्या चारित्र्यावर बोलत नाही, ऐन वेळी अपेक्षा फसली यावर बोलतो.

शिरोळ तालुक्यातला शेतकरी:
भरवसा मोजायचा कसा ते पण सांगा की मुलांना. आम्ही दोन गोष्टी बघतो. लाईट किती वेळा गेली आणि किती वेळ गेली. दिवसात दहा वेळा दोन-दोन मिनिटं गेली तर दहा वेळा मोटर चालू करायला नदीकाठापर्यंत पळायचं. एकदाच सहा तास गेली तर पाण्याची पाळी बुडली. ही दोन वेगळी दुखणी आहेत, औषध एक नाही.

धागाकर्ती:
दादा, तुम्ही जे म्हणालात तेच जगभरची वीजमंडळं मोजतात. एका ग्राहकाची वीज वर्षात सरासरी किती वेळा गेली तो आकडा 'सैफी' (SAIFI), आणि एकूण किती वेळ गेली तो 'सैदी' (SAIDI). मुलांना ही दोन नावं कायम उलटसुलट होतात. 'किती वेळा' आणि 'किती वेळ' यांत मात्र एका कान्याचा फरक आहे आणि अर्थ कुणालाही समजावावा लागत नाही. हे मी जसंच्या तसं घेतेय.

निवृत्त उपकेंद्र ऑपरेटर:
मुलाचा प्रश्न बरोबर आहे, शब्द चुकलाय. आमच्या वेळी काय व्हायचं सांगतो. फीडर ट्रिप झाला की थोडं थांबून ट्रायल घ्यायची, म्हणजे लाईन पुन्हा जोडून बघायची. लाईन होल्ड झाली, म्हणजे टिकली, तर बरं. उघड्यावरच्या तारांवरचे बहुतेक फॉल्ट, म्हणजे बिघाड, क्षणाचेच असतात. वाऱ्यानं फांदी टेकते आणि सुटते, पक्षी आडवा येतो, वीज कडाडली की इन्सुलेटरवर ठिणगी पडते. पुरवठा क्षणभर तोडला की ठिणगी विझते आणि लाईन पुन्हा उभी राहते. होल्ड झाली नाही तर लाईनमन रात्री बॅटरी घेऊन निघायचा. खांबावरचा हातानं चालवायचा एबी स्विच उघडून अर्धी लाईन सोडवायची, पुन्हा ट्रायल. या अर्ध्यात नाही म्हणजे त्या अर्ध्यात. असं करत करत इन्सुलेटरची फुटलेली डिस्क नाहीतर जळालेला जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) सापडायचा. उसात खांब असला तर पहाट व्हायची.

आता लाईनवरचा रिक्लोजर नावाचा स्विच आपोआप हेच करतो. उघडतो, थांबतो, परत जोडतो. ठरलेल्या दोन-तीन वेळा करून बघतो आणि तरी फॉल्ट असला की उघडाच राहतो. त्याच्या पुढची व्यवस्था म्हणजे लाईनवरचे सेन्सर सांगतात फॉल्ट कुठल्या तुकड्यात आहे, त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे स्विच उघडतात, आणि पलीकडच्या गावांना शेजारच्या फीडरवरून वीज दिली जाते. शेजारच्या फीडरमध्ये तेवढी जागा असेल तरच, हेही लिहा. आणि शेजारी फीडरच जोडलेला नसेल, एकाच दिशेनं गेलेली लाईन असेल, तर कितीही हुशार स्विच बसवा, पलीकडच्या गावात अंधारच.

या सगळ्यात तार कुणी जोडली? कुणीच नाही. ती माणसानंच जोडायची.

आणखी एक, हे ठळक लिहा. तार खाली पडलीय आणि लाईट गेलीय म्हणून ती मेली असं समजू नये. रिक्लोजर ट्रायल घेणार आहे. तीच तार दुसऱ्या क्षणी जिवंत होते.

नवीन सभासद:
मग 'स्वयंचलित ग्रिड' म्हटलं तर? राधानगरी धरणाचे दरवाजे आपण स्वयंचलितच म्हणतो. पाणी चढलं की उघडतात, उतरलं की मिटतात. सातही उघडले की पंचगंगेकाठी सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडं.

मराठीचे शिक्षक:
चांगलं उदाहरण, पण त्यातूनच फरक दिसतो. राधानगरीच्या प्रत्येक दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी जातं, ते धरण नीट चालतंय म्हणूनच. तिथं काही मोडलेलं नसतं. ग्रिडच्या बाबतीत आपण मोडल्यानंतरचं बोलतोय. 'स्वयंचलित' हा चालण्याचा शब्द आहे. मला 'सावरणे' सुचतं. ठेच लागते, तोल जातो, माणूस सावरतो. अंगठा फुटलेलाच असतो, रक्त येतच असतं, पण तो पडलेला नसतो. जखम नंतर भरते. 'स्वयंउपचारी' आणि 'स्वयंदुरुस्त' या दोन्ही शब्दांनी पडणं आणि बरं होणं एकत्र करून टाकलंय. शिवाय 'सावरणे' हे आपलं आपणच करायचं काम आहे, त्याला 'स्वयं' लावायची गरज नाही.

निवृत्त उपकेंद्र ऑपरेटर:
हा शब्द मला पटला. न सावरल्याचं उदाहरण हवं असेल तर ३० जुलै २०१२ ची रात्र घ्या. बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाईनवर फॉल्ट नव्हता, फक्त लोड बेसुमार होता. रिलेनं, म्हणजे फॉल्ट ओळखून लाईन तोडायला लावणाऱ्या यंत्रानं, त्या लोडलाच फॉल्ट समजून लाईन तोडली. तिचा भार दुसऱ्या लाईनवर, त्यांचा तिसऱ्यांवर, आणि उत्तरेचं सगळं ग्रिड बसलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रिडं गेली, साठ कोटींहून जास्त लोक अंधारात. आपलं पश्चिम ग्रिड उभं राहिलं. म्हणजे प्रत्येक यंत्र आपापल्यापुरतं हुशार असून भागत नाही. त्या रिलेनं आपलं काम चोख केलं आणि त्यातूनच लोण पसरलं.

शिरोळ तालुक्यातला शेतकरी:
अशा वेळी शहराचं 'बेट' करतात असं ऐकलंय. २०१९ च्या महापुरात आमच्या गावाचं बेट झालं होतं, त्यामुळं तो शब्द ऐकला की पोटात गोळा येतो.

निवृत्त उपकेंद्र ऑपरेटर:
कळतं भाऊ. पण इथं बेट म्हणजे वाचलेली जमीन. मोठं ग्रिड बुडायला लागलं की जवळच्या वीजकेंद्रासकट एवढा भाग तोडून वेगळा काढायचा आणि तेवढ्यात दिवे जळते ठेवायचे. मुंबईसाठी ही सोय फार वर्षांपासून आहे, तरी १२ ऑक्टोबर २०२० ला शहर अंधारात गेलंच. बेट कागदावर असून चालत नाही. तोडल्या क्षणी आतली निर्मिती आणि आतला लोड जुळावा लागतो.

धागाकर्ती:
तर टिपणात असं लिहितेय: "सावरणारी वीजवाहिनी: बिघडलेला तुकडा स्वतः ओळखून बाजूला काढणारी आणि उरलेल्या गावांना दुसऱ्या वाटेनं वीज देणारी. बिघडलेला तुकडा दुरुस्त करणं हे लाईनमनचं काम." त्याखाली ऑपरेटर काकांचं पडलेल्या तारेबद्दलचं वाक्य, चौकटीत. उद्या पहिल्या तासाला त्याच मुलाला मोठ्यानं वाचायला सांगणार आहे. 'बेट' मात्र अजून ठरत नाही. शिरोळ, करवीरकडची बरीच मुलं वर्गात आहेत. कुणाला दुसरा शब्द सुचला तर कळवा.