बीकेसीत नोकरी असेल तर घर नौपाड्यात घ्यावं, पार्ल्यात नव्हे

तीनहातनाका

नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी), आठवड्यातले पाच दिवस हजेरी, घरात एक म्हातारं माणूस आणि एक शाळकरी मूल, गाडी बाळगायची नाही. अशा घरानं विलेपार्ले पूर्वेला राहावं की ठाण्यात नौपाड्याला? बहुतेक जण नकाशा उघडतात, पार्ला जवळ दिसतो आणि विषय संपतो. मला हे पटत नाही.

अंतर नको, दारापासून दारापर्यंतची मिनिटं मोजा. नौपाड्यातून ठाणे स्टेशन चालत १२ मिनिटं. पूल चढून फलाटावर जाऊन गाडीची वाट बघण्यात ५ ते ७. ठाणे ते कुर्ला १८ किलोमीटर, फास्टनं साधारण २५ मिनिटं. कुर्ल्याचा पूल, पश्चिमेला उतरून शेअर रिक्षाची रांग, आणखी १० मिनिटं. रिक्षा १२ ते १५. एकूण ६५ ते ७०. ठाण्याहून सुटणारी लोकल पकडली तर वेळ थोडा वाढतो, पण बसायला मिळतं. मुलुंडकरांच्या नशिबी ती सोय नाही.

या बदल्यात मिळतं काय? भाजी गावदेवीला, कपडे-भांडी गोखले रोडला, औषधं-बँक राम मारुती रोडच्या आसपास, नाटक गडकरीला, संध्याकाळचा फेरफटका तलावपाळीला. सगळं पायी. आणि पार्ल्याच्या भाड्यात इथे एक खोली जास्त.

पार्लेपूर्व

हिशेब सकाळचा मांडलात, संध्याकाळ गिळून टाकलीत.

सकाळी ठाण्याला गाडी तुमच्या स्टेशनातून सुटते, म्हणून बसायला मिळतं. संध्याकाळी तुम्ही कुर्ल्याला चढता, आणि तिथे येणारी फास्ट सीएसएमटी-दादरलाच गच्च भरलेली असते. साडेसहा ते आठ या वेळात एखादी गाडी सोडावी लागणार हे धरूनच चाला. त्याआधी बीकेसीतून कुर्ल्याकडे येणारा रस्ता तुंबलेला. सकाळची १२ मिनिटांची रिक्षा संध्याकाळी २५ वर जाते. म्हणजे येतानाचे ७० नव्हेत, ९० धरा. आणि पावसात कुर्ला-शीव दरम्यान रुळांवर पाणी आलं की सगळा हिशेबच बुडाला.

आता पार्ला. स्लो लोकलनं सांताक्रूझ, खार, वांद्रे, १० मिनिटांत खाली. वांद्रे पूर्वेहून शेअर रिक्षा किंवा बस. ३१० नंबर वांद्रे ते कुर्ला बीकेसीमार्गेच जाते. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं साध्या बसला ५ वरून १० आणि एसीला ६ वरून १२ रुपये झालं, तरी रिक्षापेक्षा स्वस्तच पडतं. शिवाय भुयारी मेट्रो ३ आहे: विमानतळ टी-१ (टर्मिनल १), सांताक्रूझ, वांद्रे कॉलनी, बीकेसी. चढल्यापासून तिसरं स्थानक! घर हायवेच्या अंगाला असेल तर लोकलचं तोंडही बघायला नको. दारापासून दारापर्यंत ४० ते ४५ मिनिटं, आणि जाता-येता फरक पाच-दहा मिनिटांचा. रोजच्या प्रवासात सरासरीपेक्षा खात्री मोठी. पाळणाघरातून मूल ठरल्या वेळेला उचलायचं असतं. आणि पार्ल्यातही सगळं पायीच.

मरोळनाका_बदला

कुर्ला एवढं डोक्यात जात असेल तर नौपाडावाल्यांनी ते टाळावं. ठाण्याहून फास्टनं घाटकोपर, तिथून मेट्रो १ नं मरोळ नाका (जागृती नगर, असल्फा, साकीनाका, मरोळ नाका), तिथे खाली उतरून मेट्रो ३, आणि सहावं स्थानक बीकेसी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी हा टप्पा सुरू झाल्यापासून हे जमतं. रिक्षा नाही, बीकेसीतलं ट्रॅफिक नाही, वेळ कुर्लामार्गाइतकाच किंवा पाच-दहा मिनिटं जास्त.

अडतं कुठे तेही सांगतो. सकाळी घाटकोपरला अंधेरीकडे जाणाऱ्यांचा लोंढा असतो, लोकलच्या पुलावरून मेट्रोच्या तपासणीपर्यंत रांग लागते. पाठीवर मोठी बॅग असली की स्कॅनरपाशी आणखी वेळ. मरोळ नाक्याला एक मेट्रो उन्नत, दुसरी भुयारी. एवढं खाली उतरायला सरकत्या जिन्यांनीही ५ ते ७ मिनिटं धरा. आणि लोकलचा पास मेट्रोला चालत नाही, तेव्हा महिन्याचा खर्च वेगळा मांडा.

पार्लेपूर्व

म्हणजे तीन गाड्या आणि दोन बदल. प्रत्येक बदलाला एक जिना, एक रांग, एक चुकलेली गाडी. कागदावर पाच मिनिटं जास्त, गुडघ्यांना विचारा किती ते.

पदपथ_शोधतोय

दोघेही 'पायी फिरता येतं' हे गृहीत धरून बोलताय. दुकान ३०० मीटरवर असणं आणि तिथवर चालत जाता येणं, यांत फरक आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत निवासी भागातल्या पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. मोकळी, म्हणजे खांब, विजेची डीपी (पेटी), झाडाचं आळं, फेरीवाला आणि तिरकी लावलेली स्कूटर वगळून. टेप घेऊन गोखले रोडवर या. संध्याकाळी सात वाजता १.८ मीटर सलग दहा पावलं मिळाली तर कळवा. चालणारा माणूस रस्त्यावर उतरतो, मागून टीएमटीची बस हॉर्न देते. वंदना टॉकीजपाशी मोठ्या पावसात साचणारं पाणी वेगळंच.

पार्लेकरांनी हसू नये. स्टेशनाकडच्या बाजाराच्या गल्ल्या अरुंद, हनुमान रोडसारख्या आतल्या रस्त्यांना सावली चांगली, पण सध्या दर चौथ्या गल्लीत पुनर्विकास चालू आहे. एका इमारतीचं काम निघालं की पदपथावर पत्रे, डंपरखाली फुटलेले पेव्हर ब्लॉक आणि बाजूला टँकर, दोन-तीन वर्षं. शिवाय विमानतळाच्या फनेल झोनमुळे (विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालचा पट्टा) इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. त्यामुळे ज्या जुन्या तीन मजली इमारतींचं गणित बसत नाही त्या बिनलिफ्टच्याच राहतात. ७५ वर्षांच्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर ठेवून 'पार्ल्यात सगळं पायी' म्हणण्यात काय अर्थ? (बिस्किटांच्या वासाचं कौतुकही आता पुरे, कारखाना २०१६ ला बंद झाला.)

आणि ते 'हायवेच्या अंगाला घर, मेट्रो टी-१'. टी-१ हायवेच्या पलीकडे आहे. तेव्हा घर बघायला जाल त्या दिवशी इमारतीच्या फाटकापासून मेट्रोच्या दारापर्यंत स्वतः चालून बघा: हायवे कुठून ओलांडायचा, तिथे जिना आहे की रॅम्प, रात्री नऊला उजेड आहे का. दलालाचं 'पाच मिनिटं' रिक्षाचं असतं.

डोंबिवली_फास्ट

फडके रोड, गणेश मंदिर, टिळकनगर. पायी फिरण्यात डोंबिवली पूर्व दोघांनाही भारी आहे, आणि भाडं निम्म्याच्या आसपास. कोणी नावही घेत नाही.

पार्लेपूर्व

कारण डोंबिवली ते कुर्ला ३२ किलोमीटर, आणि संध्याकाळी कुर्ल्याला चढायचं दुखणं तेच. आणि तेही पाऊण तास उभं राहून.

डोंबिवली_फास्ट

आठवड्यातून दोनच दिवस ऑफिस असेल तर? धागाकर्त्यानं पाच दिवस धरले म्हणून तुमचं फावलं. दोन दिवसांसाठी पार्ल्याचं भाडं भरणं म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळा बंगला बांधणं.

तीनहातनाका

संध्याकाळचा मुद्दा मान्य. मी ७० म्हटलं ते सकाळचं, संध्याकाळी ८५ ते ९० होतात. मरोळ नाक्याचा रस्ता तेवढ्यासाठी राखून ठेवावा: सकाळी कुर्ला, संध्याकाळी मेट्रो. तेव्हा लोंढा अंधेरीकडून घाटकोपरकडे असतो, पण तुम्ही त्याच्यासोबतच वाहता, आणि घाटकोपरला फास्ट भरलेली असली तरी मागोमाग ठाणे स्लो मिळते.

पदपथाचंही मान्य, पण अर्धंच. चालण्याची सोय गोखले रोडवरून ठरवू नका. नौपाड्याच्या आतल्या गल्ल्यांतून, घंटाळीच्या बाजूनं स्टेशनापर्यंत येता येतं आणि मुख्य रस्ता एकदाच ओलांडावा लागतो. घर निवडताना पिठाची गिरणी, भाजी, औषधं, शाळा आणि स्टेशन, या पाच ठिकाणांपैकी किती ठिकाणी मोठा रस्ता न ओलांडता पोचता येतं ते मोजा. चार आली तर घर चांगलं. मूल एकटं दुकानात जाऊ लागतं ते याच घरांतून.

पार्ल्याचा वरचा मजला आणि भाडं मात्र तुम्ही दोघांनीही सोडवलेलं नाही. एक खोली कमी, आणि तीही बिनलिफ्टची.

पार्लेपूर्व

तळमजला घ्या.

पदपथ_शोधतोय

पावसाळ्याआधी विचारून घ्या मग.

विकत घेण्याआधी ११ महिन्यांच्या करारानं राहून बघा, आणि तो काळ जून ते सप्टेंबरवरून जाईल असा निवडा. करारात लॉक-इन (घर सोडता येत नाही तो काळ) किती महिन्यांचा आहे ते वाचा. सहा महिने असेल तर जुलैत वैतागलात तरी निघता येत नाही. चाचणीचा दिवस मंगळवार किंवा बुधवार, वेळ संध्याकाळी साडेसहा, सुरुवात ऑफिसच्या फाटकापासून, हातात पाच किलोची पिशवी. रविवारी बघायला गेलात तर मेगाब्लॉक तरी मिळेल नाहीतर रिकामा रस्ता, दोन्ही खोटे. आणि तीन हात नाक्याला मेट्रो ४ येणार, बीकेसीत पॉड टॅक्सी येणार, हे दलालाला बोलू द्या. आज ज्या स्थानकातून गाडी सुटते तेवढंच मोजायचं.

मरोळनाका_बदला

एक राहिलं. बीकेसी म्हणजे एक इमारत नव्हे. कुर्ला स्टेशनापासून ब्लॉकनुसार अडीच ते साडेतीन किलोमीटर पडतात, आणि मेट्रोतून बाहेर आल्यावर काहींना पाच मिनिटं, काहींना वीस. ऑफरलेटरवरचा ब्लॉक आणि फाटक क्रमांक बघून मगच पार्ला-नौपाडा भांडा. हिरे बाजाराशेजारच्याचं गणित कलानगरच्या टोकाला बसणाऱ्याला लागू पडत नाही.

तीनहातनाका

कलानगरच्या टोकाला ऑफिस असेल तर वांद्रे पूर्व जवळ. त्याला मीही पार्लाच सांगेन. कुर्ल्याकडच्या टोकाला असेल तर नौपाडा, माझं मत तिथे हलत नाही.