बारापेडेचं वटवाघूळ: 'माहिती अपुरी' म्हणजे मोकळं रान का?

मुठाकाठ
आमच्या ट्रेक ग्रुपवर सध्या बारापेडे गुहेचा बेत शिजतोय. कर्नाटकात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्याच्या जंगलात ही गुहा आहे आणि तिथं रॉटनचं वटवाघूळ राहतं. कपाळाशी जोडलेले, नाकाकडे झुकणारे मोठाले कान आणि मागच्या पायांमधल्या पडद्याबाहेर निघालेली मोकळी शेपटी. १९१३ साली थॉमस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली, आणि विसावं शतक संपेपर्यंत साऱ्या जगात त्याचा हा एवढाच पत्ता माहीत होता. माझं मत: जाऊ नये. ठिकाणाचा नकाशाही ग्रुपवर टाकू नये.

कोथरूडचा_कोल्हा
अहो, पण ते आता मेघालयात सापडलंय, कंबोडियातही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत आधी 'अति संकटग्रस्त' होतं, आता 'माहिती अपुरी' आहे. दर्जाच उतरला, मग एवढं सोवळं कशाला?

मुठाकाठ
दर्जा उतरला नाही, उत्तरपत्रिका कोरी ठेवलीय. मेघालय कुठे, खानापूर कुठे! मधे त्यांच्या किती वसाहती आहेत हेच कळलेलं नाही, म्हणून तो शेरा. आपल्या वन्यजीव कायद्यात मात्र ते पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला.

कसबा_पेठ
मी दोघांशीही सहमत नाही. एका गुहेसाठी गळे काढताय आणि इथे पुण्यात जुने वाडे पडताहेत, रस्त्यासाठी वड-पिंपळ तुटताहेत, तिथल्या वटवाघळांबद्दल कुणाला चकार शब्द काढायचा नाही. फळं खाणारी वटवाघळं तर कायद्यानेच 'उपद्रवी' होती, २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत! दुर्मिळाचं कौतुक सोपं असतं हो.

कोथरूडचा_कोल्हा
त्या वडावरच्यांपासून चार हात लांबच बरं. आपल्या पुण्यातल्या विषाणू संस्थेलाच (एनआयव्ही) महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या प्रतिपिंडांचे पुरावे मिळाले होते, २०२० चे नमुने.

कसबा_पेठ
प्रतिपिंडं मिळाली म्हणून सगळ्यांच्या नावाने शंख करायचा? उलट गुहेत शिरून गोंधळ घालू नये याचं हे आणखी एक कारण झालं. (वाड्याचं म्हणणं मात्र सोडत नाही.)

मुठाकाठ
हेच म्हणतोय. बहुतेक वटवाघळांना वर्षाला एकच पिल्लू होतं. टॉर्चचा झोत टाकला, आरडाओरडा झाला की माद्या बिथरून उडतात आणि छताला लटकलेली पिल्लं खाली पडतात. पडलेलं पिल्लू सहसा वाचत नाही.

कोथरूडचा_कोल्हा
मग अभ्यासक तरी कशाला जातात? कुणी गेलंच नाही तर माहिती कायम अपुरीच राहणार ना. परवानगी काढून, पाच-सहा जणांनी, आवाज न करता जायला माझी हरकत नाही. ग्रुपचे चाळीस जण नेणार असाल तर मात्र मीही नको म्हणेन.

मुठाकाठ
ग्रुपवर पस्तीस जणांनी 'येतो' टाकलंय. आणि परवानगीचं नाव अजून कुणी काढलेलं नाही.