मदत हवी आहे – एरोसोलच्या पेपरची ऑनलाइन चर्चा कशी मोजायची?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, भाचीचा एमएस्सीचा प्रोजेक्ट चाललाय म्हणून विचारतोय. एरोसोल म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांच्या संशोधनाकडे नेटवर लोक किती लक्ष देतात असा विषय घेतलाय तिने. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने आपल्याच सोलापूर भागात विमानाच्या पंखाला नळकांडी लावून पाऊस वाढवायला ढगाखाली कॅल्शियम क्लोराईडचे बारीक कण सोडले होते बघा, त्याचा संशोधन पेपर २०२३ ला आला, पाऊस काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत आणि सरासरी १८ टक्के वाढला म्हणून बातम्या पण झाल्या.

आता ती अल्टमेट्रिकचं (पेपरची नेटवर किती चर्चा झाली ते मोजणारी साइट) ते रंगीत कडं बघत बसते, लाल म्हणजे बातम्या, पिवळं म्हणजे ब्लॉग. पण त्या कड्यातला आकडा नुसता गाजावाजा मोजतो, पेपर चांगला का वाईट ते नाही, हे सरांना कसं पटवायचं? आणि मराठी वर्तमानपत्रांत डीओआय (पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक), लिंक काहीच देत नाहीत, नुसतं "शास्त्रज्ञ म्हणतात", मग त्या बातम्या मोजणीत येतात का सुटतात? आमच्या गल्लीत पाराखाली झालेली चर्चा तर कुठेच येणार नाही म्हणा 😄

मराठी बातम्या हाताने मोजून एक्सेलमध्ये टाकल्या तर चालतं का? कुणी केलं असेल तर सांगा राव, पुढच्या सोमवारी सबमिशन आहे.