मदत हवी आहे: ग्राउंड कंट्रोलच्या सिम्युलेशनमधे वैमानिकाच्या चुका कशा घालायच्या?

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी पायथॉनमधे विमानतळाचं जमिनीवरचं ट्रॅफिक उभं केलंय, एक रनवे, त्याला समांतर टॅक्सीवे (रनवेपर्यंत जायचा विमानांचा रस्ता), सहा स्टँड (विमानं उभी करायच्या जागा), नकाशा मनानेच आखलाय. तपासायचंय ते फॉलो द ग्रीन्स, म्हणजे विमानापुढचे मधल्या रेषेवरचे हिरवे दिवे तेवढे लागतात, थांबायचं तिथे लाल स्टॉप बार, वैमानिकाने हिरव्यामागे जायचं.

अडचण अशी की माझी विमानं दिवा लागला की त्याच क्षणी निघतात आणि वळण कधी चुकत नाहीत, मग सिस्टिम दर वेळी पास होते, पण तसल्या पासला काय अर्थ? ८ ऑक्टोबर २००१ ला मिलानच्या लिनाते विमानतळावर धुक्यात छोटं सेसना विमान आर५ टॅक्सीवेऐवजी आर६ वर गेलं, टेकऑफ घेणारं विमान त्यावर आदळलं, ११८ माणसं गेली. ग्राउंड रडार चालू नव्हतं. ती चूक माझ्या कोडमधे होऊच शकत नाही!

म्हणून परवा दादाला शेजारच्या खोलीत वैमानिक म्हणून बसवलं आणि फोनवरून सूचना दिली, टॅक्सी व्हाया अल्फा, होल्ड शॉर्ट ऑफ ब्राव्हो, म्हणजे अल्फा टॅक्सीवेने ये आणि ब्राव्होच्या अलीकडे थांब. रीडबॅक, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवणं, अगदी बरोबर दिला आणि तरी ब्राव्होवर वळला, तिथे समोरून दुसरं विमान येत होतं, आता विमान काही रिक्षासारखं मागे घेता येत नाही, टग (विमान ढकलणारी गाडी) बोलवावा लागतो, तोवर मागे चार विमानांची रांग.

तर चुकीचं वळण नुसतं रँडम टाकू की कशाला तरी बांधू?

उत्तर: ताई, मी बडोद्याचा, सिम्युलेशनचंच काम करतो. रँडम नको, कारणाला बांधा: धुकं, एकसारखी नावं, ऐन वळणावर आलेला रेडिओ कॉल. रीडबॅकला काही सेकंद द्या. त्याच सीडवर, म्हणजे रँडम आकडे तेच ठेवून, दिवे चालू आणि दिवे बंद असे दोन्ही रन घ्या, आणि वळण चुकल्यापासून कंट्रोलरला कळेपर्यंत किती वेळ गेला ते मोजा, माझ्या मते खरा आकडा तोच. आणि स्टॉप बारच बंद पडलाय असाही रन हवा, २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर दोन विमानांची धडक झाली तेव्हा तिथला स्टॉप बार बंदच होता.

धागाकर्ती: खूप खूप आभार दादा, बंद स्टॉप बारचं डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री भावाला परत बसवते, मधेच दिवे घालवणार, त्याला न सांगता.