बंद फ्लॅट, सोलरचं कोमट पाणी आणि लिजनेला: काय करावं?

पेठकर_बाहेरगावी: पुण्यातला फ्लॅट पाच महिने बंद आहे. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन परततोय. वय ७४, जुना दमा, मधुमेह. सोसायटीच्या सोलरचं पाणी पावसाळ्यात जेमतेम कोमट येतं. कॅनडातल्या भावाने लिजनेला या पाण्यात वाढणाऱ्या जंतूची भीती घातलीये. टाकी धुवून घेऊ की पाणी तपासायला देऊ?

तुरटीवाला: एवढं काय! टाकी धुवा, तुरटी फिरवा, विषय संपला.

गच्चीवरचा: तुरटीने गाळ खाली बसतो हो, हा जंतू मरत नाही. भाऊ बरोबर सांगतोय. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन होतं. तिथे न्यूमोनियाची साथ आली, म्हणून हे नाव. सहसा पिण्यातून नाही, बारीक तुषार श्वासात गेले की बाधतो. २५ ते ४५ अंशांत मजेत वाढतो, म्हणजे तुमचं पावसाळी सोलर त्याला आयतंच. टाकीत पाणी ६० अंश हवं. सोलरला पाणी तापवणारी विजेची बॅकअप कॉइल असेल तर सेक्रेटरींच्या मागे लागा. आणि ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत भाजतं, तेव्हा विसण घालूनच.

पोचल्यावर आधी आईला शेजाऱ्यांकडे बसवा. खिडक्या उघडा, शॉवरची जाळी काढा, पाइपच्या तोंडाला फडकं गुंडाळून गार-गरम दोन्ही पाणी भरपूर वाहू द्या. बाकीचे नळही तसेच, हळू सोडा. जाळीवरचे क्षार व्हिनेगरने काढा.

पेठकर_बाहेरगावी: आणि तपासणी?

गच्चीवरचा: पिण्याच्या पाण्याची नेहमीची तपासणी कोलिफॉर्म, म्हणजे सांडपाणी मिसळल्याची खूण देणारे जंतू बघते. त्यात हा दिसतच नाही.

वॉर्डातली_ताई: आई नेब्युलायझर (औषधाचे तुषार श्वासात देणारं यंत्र) घेतात का? त्यात नळाचं पाणी अजिबात नको, धुतल्यावर शेवटचा हातही निर्जंतुक पाण्याचाच. दोनेक आठवड्यांत ताप-खोकला आला तर घर बंद होतं हे डॉक्टरांना आपणहून सांगा. अमॉक्सिसिलिन हे नेहमीचं अँटिबायोटिक यावर चालत नाही. अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लागतं, तेही डॉक्टरच ठरवतील. लघवीची तपासणी मुख्यतः एकाच प्रकारचा लिजनेला पकडते. निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहू नका. माणसाकडून माणसाला सहसा होत नाही, तेवढी काळजी सोडा.

तुरटीवाला: बरं, तुरटी मागे घेतो.

पेठकर_बाहेरगावी: नेब्युलायझर आहे, आणि आम्ही तो नळाखालीच धुतो! आई तशी बादली-तांब्यावालीच, शॉवरची हौस माझी.

वॉर्डातली_ताई: मग बादलीच राहू द्या. तुषार कमी उडतात.