'करंट कमी आलाय' म्हणजे नेमकं काय कमी आलंय?

तासगाव, शिक्षिका
नववीला 'धाराविद्युत' शिकवताना गणितापेक्षा शब्दच जास्त अडवतात. पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा, रोध असे वेगवेगळे शब्द आहेत. मुलांच्या घरी सगळ्याला एकच शब्द, करंट. तारेला हात लागला तर करंट बसतो, बॅटरी उतरली तर करंट नसतो, विहिरीवरची मोटार घूं घूं करून अडकली तर 'करंट कमी आलाय'. मग २३० व्होल्ट आणि ५ अँपिअर दिले की निम्मा वर्ग गुणतो, निम्मा भागतो. विभवांतराला, म्हणजे व्होल्टेजला, वर्गात 'दाब' म्हटलं तर चालेल का? आणि 'रोध' म्हणायचं की 'प्रतिरोध'?

पलूस, मोटार रिवाइंडिंग
मॅडम, दाब-रोधाचं जाणकार सांगतील. पण 'करंट कमी' हा शब्द आधी सोडवाच, त्यापायी शेतकऱ्याचं नुकसान होतं. आमच्याकडं जळलेली मोटार घेऊन येणारा हमखास म्हणतो, करंट कमी होता म्हणून जळाली. घडलेलं असतं बरोबर उलटं. ५ एचपीची थ्री फेज मोटार ४१५ व्होल्टला पूर्ण लोडवर साधारण ७ अँपिअर घेते. व्होल्टेज ३३० वर पडलं तरी पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून ती ९ च्या घरात जाते. टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजायचा चिमटा, लावून बघा, व्होल्टेज उतरतं तसा करंट चढतो. त्यात करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा स्टार्टरचा ओव्हरलोड रिले कुणी वाढवून ठेवला असेल तर ट्रिप होत नाही, आणि वायंडिंगचं, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचं, वार्निश काळं पडून सुटायला लागतं. कमी झालं ते व्होल्टेज. करंटनं तर मोटार जाळली.

कराड, निवृत्त विद्युत अभियंता
पलूसच्या दादांनी मुद्द्यालाच हात घातला. त्यांच्या आकड्यांत अजून एक गोष्ट आहे. तारेत होणारी उष्णता धारेच्या वर्गाप्रमाणे वाढते. ७ वरून ९ म्हणजे धारा सव्वापटीच्या थोडी वर गेली, पण वायंडिंगमधली उष्णता दीडपट ओलांडून गेली.

आता शब्द. 'दाब' जरूर वापरा. उच्चदाब वाहिनी, लघुदाब वाहिनी हे शब्द वीज खात्यात कधीचे रुळलेत. फक्त दाब नेहमी दोन ठिकाणांमधला असतो, हे मुलांना सांगायला हवं. विभवांतर या शब्दातलं 'अंतर' त्यासाठीच आहे. 'एका तारेत २३० व्होल्ट' हे अर्धंच वाक्य झालं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, असं पूर्ण म्हणायची सवय लावा.

'रोध' हाच मराठी परिभाषेतला शब्द. 'प्रतिरोध' हिंदी पुस्तकांतून येतो. चूक नाही, पण पाठ्यपुस्तकात रोध असताना दुसरा कशाला? व्याख्या तोंडी करून घ्या: दाबाला धारेनं भागलं की रोध, दाबाला धारेनं गुणलं की शक्ती. तुमच्या आकड्यांत २३० भागिले ५ म्हणजे ४६ ओहम, आणि २३० गुणिले ५ म्हणजे ११५० वॅट. उत्तरापुढं एकक बोलून दाखवलं की गुणायचं का भागायचं हा घोळ बराच कमी होतो.

पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड घ्या. २३० व्होल्टला तो ४.३५ अँपिअर घेतो, रोध सुमारे ५३ ओहम. दाब १८० झाला तरी रोध जवळपास तोच राहतो, म्हणून धारा ३.४ वर येते आणि शक्ती ६१२ वॅटच्या आसपास. रॉडच्या बाबतीत 'करंट कमी आला' हे अक्षरशः खरं आहे! मोटारीच्या बाबतीत खोटं. दोन्ही उदाहरणं एकाच तासाला फळ्यावर मांडा.

सांगली, डिप्लोमाचा विद्यार्थी
सर, मग मोटारीचा रोधही असाच भागून काढायचा का? ४१५ भागिले ७, म्हणजे ५९ ओहम?

कराड, निवृत्त विद्युत अभियंता
नाही. भागाकार बरोबर आहे, पण त्याला रोध म्हणू नका. मल्टिमीटरनं दोन फेजांमधलं वायंडिंग मोजलंत तर मोजकेच ओहम दिसतील. फिरती मोटार आतून उलटा दाब तयार करते, म्हणून धारा आवरलेली राहते. अडकलेल्या मोटारीत तो दाब नसतो आणि धारा पाच-सहापट होते. शक्तीचंही तेच. थ्री फेजला नुसतं व्होल्ट गुणिले अँपिअर चालत नाही. १.७३ नं आणि पॉवर फॅक्टरनं (त्या गुणाकारातला खरोखर कामी येणारा वाटा) गुणावं लागतं.

साध्या दिव्यालाही जपून. १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहम येतात. तोच थंड असताना मोजलात तर त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. ओहमनं १८२७ मध्ये नियम मांडला तो तापमान कायम धरून.

विटा, वाचक
'शक्ती' आणि 'ऊर्जा' मात्र सगळेच एकमेकांच्या जागी वापरतात. बिलात युनिट असतं ते कुठलं?

कराड, निवृत्त विद्युत अभियंता
ऊर्जा. तोच १००० वॅटचा रॉड तासभर चालला की १ युनिट. वॅट म्हणजे किती वेगानं वीज खर्च होते ते. एचपीही शक्तीचंच माप, १ एचपी म्हणजे ७४६ वॅट.

तासगाव, शिक्षिका
फार उपयोग झाला सर. पलूसच्या दादांचेही आभार, उद्या मोटारीपासूनच सुरुवात करते. एक राहिलंच. 'रोधक' म्हटलं की मुलं वायरीवरची काळी टेप दाखवतात.

कराड, निवृत्त विद्युत अभियंता
कारण 'विद्युतरोधक' हा शब्द टेपसाठीही वापरात आहे. तुम्ही टेपला, खांबावरच्या चिनी मातीच्या इन्शुलेटरला 'विसंवाहक' म्हणा, आणि ठरावीक ओहमचा रंगीत पट्ट्यांचा जो भाग मिळतो त्यालाच 'रोधक'. विसंवाहकातून धारा जवळजवळ जातच नाही, रोधकातून मोजूनमापून जाते.